टोकनच्या आधी

लोक येतात ते बहुतेक नंतर.
कुंपणावर भलत्याच नावाची पाटी लागल्यावर,
कॉलनीवाल्याचा फोन तीन दिवस बंद लागल्यावर.
एक बाई तर पाया खणून झाल्यावर आल्या,
पिशवीत सिमेंटची पावती
आणि तिच्यावर चिकटलेला कोर्टाचा स्टे.

जेल रोडच्या मागे माझं ऑफिस. जिना अरुंद.
दुसऱ्या मजल्यापर्यंत धाप लागते
आणि धाप लागलेला माणूस निम्मं तरी खरं बोलतो.
मग डायरीचं पान निघतं.
ही इंदूरची आपली एक लिपी आहे,
निळी शाई: बेचाळीस नंबर, तीस बाय पन्नास, सव्वाचार.
सव्वाचार काय?
'लाख' हा शब्द भरवशावर सोडलेला.
खाली सही नाही, नुसतं एक वळण.
भिया, आपल्यात कागद कशाला.

मी विचारते, तेव्हाच का नाही आलात?
तेव्हा सगळं ठीक होतं ना ताई.

पुष्कर रेशिमवाले मात्र सोमवारी आला
आणि टोकन द्यायचं होतं शनिवारी.
दातांच्या कवळ्या बनवतो, नखांत गुलाबी मेण.
मांगलियाच्या पुढे प्लॉट, कोपऱ्याचा,
भाव असा की विचार करायला वेळच मिळू नये.
बायको म्हणाली म्हणून आलो, म्हणाला.
खुर्चीच्या कडेवर बसला, बिल वाढू नये म्हणून असेल.

दुलीचंदला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं.
दोन दिवस तो धूळ शिंकत राहिला.
अठ्ठ्याहत्तरच्या खसऱ्यात, बाप वारल्यावर, चार नावं:
भागीरथ, मांगीलाल, कैलास, सुगनबाई.
चौऱ्याण्णवात तीन.
विक्री नाही, हक्कत्याग नाही,
मेल्याची नोंदसुद्धा नाही.
बाई फक्त पुढच्या पानावर आली नाही.

त्यानंतर सगळं कसं देखणं.
डायव्हर्शन, नकाशा, मंजुरी,
गेटावर सिमेंटचे दोन हत्ती.

पुष्करनं दोन्ही नकला शेजारी ठेवल्या,
खूप वेळ बघत बसला.
"एक दात पडला ना ताई,
की शेजारचे हळूहळू सरकतात तिकडे.
दहा वर्षांनी वाटतं, जागा नव्हतीच."

मी सांगितलं, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊ,
बाईला शोधू, आहे की नाही ते कळेल,
असली तर तिची सही घेऊ, तिला तिचं देऊ.
किती दिवस?
सांगता येत नाही.
त्यानं शुक्रवारी दलालाला फोन केला, नको म्हणून.
तिकडून आलेल्या शिव्या मलाही ऐकू आल्या.

फीचे साडेतीन हजार मोजताना
त्याचा अंगठा एका नोटेवर अडला.
"एवढे दिले, आणि झालं काय? काहीच नाही."
हो, म्हटलं. तेच.
तो हसला नाही. पावती घडी करून
कवळीच्या डबीत ठेवली, का कोण जाणे.

रविवारी तो प्लॉट दुसऱ्यानं घेतला.
नाव ठाऊक नाही मला,
पावलं ओळखीन.
दोन वर्षं, फार तर तीन,
खालच्या पायरीवर थांबून तो वर बघेल.

फाइल बंद करायची राहिलीय.
आतल्या कव्हरवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: सुगनबाई.
माझी अशील नाही ती.
तिच्यासाठी कुणी जिना चढलेलं नाही.
दुलीचंद विचारतो, हिला कपाटात टाकू?
मी म्हणते, राहू दे टेबलावर,
आणि रोज तिच्यावरच चहाचा कप ठेवते.